फिकट कुणाची, लाल कुणाची

डहाणूजवळ नरपडला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांना मी पहिला प्रश्न विचारला, "पाणी चोवीस तास असतं ना?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, विहिरीकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "सांगता येत नाही. आजवर आलंय." मग मी विचारलं, वाडीत साप वगैरे निघतात का. "मी पाहिलेले नाहीत. म्हणजे नाहीतच असं नाही." नवऱ्याने मला कोपराने ढोसलं. बाहेर आल्यावर म्हणाला, हा माणूस एक तर पक्का लबाड आहे नाहीतर वेडा आहे. पण खोली छान होती, चिकूच्या वाडीत, स्वतंत्र दाराची. आम्ही ती घेतली. लबाड ते नव्हते, एवढं आता मी खात्रीने सांगू शकते. दुसऱ्या गोष्टीचं अजून माझं नक्की होत नाही.

मी कारकून आहे. तलासरीला सरकारी कचेरीत बसते. आमच्याकडे अर्जावर 'होय' किंवा 'नाही' यांपैकी एका चौकटीत खूण करायची असते. दोन्हीत केली की अर्ज परत. वीस वर्षं हेच केल्यावर माणसाचं डोकंही तसंच होतं. समोरचा 'बघू', 'तसं म्हटलं तर' असं बोलायला लागला की माझ्या कपाळावर आठी येते. अशा बाईला देवाने नेमका हा घरमालक दिला.

सगळे त्यांना सर म्हणायचे. जवळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. लग्न केलेलं नव्हतं. घरात ते, आणि स्वयंपाकपाण्याला येणारी मावशी. मावशी विवळवेढ्याजवळच्या पाड्यावरची. कॉलेजात ती सरांच्याच प्रयोगशाळेत शिपाई होती. दोघं एकाच वर्षी निवृत्त झाली, आणि दुसऱ्या महिन्यापासून मावशी सकाळच्या बसने सरांकडे यायला लागली. तिला कुणी बोलावलं होतं की ती आपणहून आली, हे दोघांनाही आठवत नव्हतं. ती सगळ्या जगाला 'तू' म्हणायची, सरांनाही.

घरात शिरलं की आधी दिसायच्या चिकटपट्ट्या. जखमेला लावतात तसल्या पांढऱ्या. प्रत्येक वस्तूवर एक आणि तिच्यावर बारीक अक्षरात मजकूर. मिठाच्या बरणीवर 'मीठ', त्याखाली 'चाखून खात्री केली' आणि तारीख. साखरेवर तसंच. दोन माठांवर एक आणि दोन. चिकूच्या झाडांना नंबर, कोंबड्यांच्या पायांत रंगीत दोरे, आणि कुठला दोरा कुठल्या कोंबडीचा याची वेगळी वही. आम्ही राहायला गेलो त्याला आठ दिवस होतात तोच आमच्या चपलांच्या तळाला पट्ट्या लागल्या. नवरा म्हणाला, "सर, बाईची चप्पल कुठली नि पुरुषाची कुठली, हे दिसतं की!" सर म्हणाले, "आज दिसतं." आम्ही हात टेकले. मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती पट्ट्यांकडे ढुंकून बघत नसे आणि मिठाची बरणी तिची कधी चुकली नाही.

चिकूंचे दिवस आले की आमची परीक्षा सुरू व्हायची. सरांनी एका रांगेला मासळीचं खत घातलेलं असायचं, दुसरीला दुकानातलं. मग दोन बशा समोर यायच्या. चिकू कापायचे मावशीने, तेही आत स्वयंपाकघरात, सरांच्या पाठीमागे. कुठली बशी कुठल्या रांगेची हे फक्त तिला ठाऊक. आम्ही डोळे मिटून दोन्ही खायचे आणि गोड कुठलं ते सांगायचं. सर लिहून घ्यायचे. शेवटी ते मावशीला विचारायचे, "हं, आता सांग, पहिली बशी कुठली?" मावशी म्हणायची, "माना नाय आठवत आता. दोन्ही गोड हाय. खा नं गप." सर वही मिटायचे. एकदा मी म्हटलं, सर, तुम्ही स्वतःच कापत का नाही? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कार्यालयातला पैसे खाणारा माणूसच आहे. "मला ठाऊक असलं तर मला हवं तेच गोड लागेल," ते म्हणाले.

डहाणूत स्टेशनच्या रस्त्याला एक औषधांचं दुकान आहे. तिथल्या बाकावर सर संध्याकाळी पेपर वाचत बसत. दुकानाचे शेठ गुजराती, स्वभावाने गोड. पेपर हे निमित्त. एखादी बाई चिठ्ठीशिवाय जंतूंवरच्या गोळ्या मागायला आली, की सर पेपर बाजूला ठेवून उठायचे आणि विचारायचे, "दिवस गेलेत का? कितवा महिना?" लोकांसमोर, मोठ्याने. पोट दिसत असो वा नसो. एकदा एका बाईचा नवरा त्यांच्या अंगावर धावून गेला. शेठ मध्ये पडले नसते तर सरांचा चष्मा गेला असता. शेठ हात जोडून म्हणाले, "सर, तमे घरे जाओ ने! माझा धंदा बसेल." सर म्हणाले, "मी घेऊ नका म्हटलं का? मी महिना विचारला." आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर हजर. माझ्याही कानावर हे सगळं होतं, आणि मी त्यावर पोट धरून हसले होते. हसणं सोपं होतं, कारण तेव्हा मला दिवस नव्हते.

आधी एकदा राहिले होते. तिसऱ्या महिन्यात गेलं. त्यानंतर चार वर्षं काही नाही. त्यामुळे नरपडला राहायला गेल्यावर दुसऱ्या वर्षी पुन्हा राहिले, तेव्हा मी चालताना पायाखाली बघायला लागले. कचेरीला जायच्या ईको गाडीत पुढची सीट मिळाली नाही तर गाडी सोडायची. उतारावर ड्रायव्हरला ओरडायची. सहावा महिना अर्धा झाला आणि लघवीला जळजळ सुरू झाली. डहाणूच्या डॉक्टरीणबाईंनी तपासणी केली आणि म्हणाल्या, जंतू आहेत, सात दिवस गोळ्या. पूर्ण करायच्या, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. मी विचारलं, बाळाला काही? त्या म्हणाल्या, ह्या चालतात. मग फोन वाजला, आणि त्या पुढच्या बाईकडे वळल्या.

दोन दिवस गोळ्या घेतल्या. जळजळ थांबली. तिसऱ्या दिवशी शनिवार होता, सुट्टी होती, आणि सर ओट्यावर एकटे बसले होते. घरात जाणकार माणूस असताना विचारायला काय हरकत आहे, असं मला वाटलं. ही माझी अक्कल.

मी गोळ्यांचं पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, उलटं करून पुन्हा वाचलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, जणू जुना मित्र भेटावा. गोळ्यांमुळे नव्हे. यकृतामुळे. पोटातल्या बाळाचं यकृत हा त्यांचा जन्माचा विषय होता, आणि तो कुणी आपणहून विचारेल अशी आशा त्यांनी कधीच सोडली होती.

"तुम्हाला वाटतं, यकृत म्हणजे जेवण पचवायचं," ते म्हणाले. "ते आपलं. बाळाला कुठे जेवण आहे? बाळाचं यकृत रक्त बनवतं, मॅडम. हाडांना ते काम अजून येत नसतं. तोवर सगळं रक्त यकृतात. पोटाचा अर्धा भाग तेच व्यापून बसलेलं असतं." त्यांनी स्वतःच्या पोटावर दोन्ही हात पसरून दाखवले. मी माझ्या पोटावर पदर ओढला.

मग त्यांनी उंदरांची गोष्ट सांगितली.

तरुणपणी त्यांनी याच विषयावर संशोधन सुरू केलं होतं. पांढऱ्या उंदरांच्या आठ माद्या, आठ पिंजरे. आठही गाभण. चार जणींच्या पाण्यात जंतूंवरचं औषध, चार जणींना साधं पाणी. पिल्लं झाली की त्यांची यकृतं काढून बघायची, वजन करायचं, रंग बघायचा. प्रत्येक पिंजऱ्यावर नंबर. दिवाळीची सुट्टी लागली, सर चार दिवस गावी गेले, आणि उंदरांना दाणापाणी करायला मावशी रोज येत होती. ऐन दिवाळीत माद्या व्यायला लागल्या. मावशीने बघितलं, आठ बाळंतिणी आठ पिंजऱ्यांत एकट्या बसल्यात. तिच्या पाड्यावर बाळंतिणीला कुणी एकटं ठेवत नाही. काही नाही तर शेजारची म्हातारी तरी येऊन उशाशी बसते. तिला ते बघवलं नाही. तिने एका मोठ्या लाकडी खोक्यात मऊ पेंढा घातला आणि सगळ्या माद्या पिल्लांसकट त्यात सोडल्या.

"मी परत आलो," सर म्हणाले, "तर पेंढ्यात साठ-एक पिल्लं. सगळ्या आया सगळ्यांना पाजतायत. फार सुखात होत्या. मावशी मला कौतुकाने दाखवत होती."

"मग?"

"मग मी पिल्लांची यकृतं पाहिली. काही फिकट होती. पिवळट, फुगीर. काही लाल, जशी असावीत तशी. दोन्ही प्रकार होते, मॅडम, अगदी उघड दिसत होते. फक्त कुठली कुणाची, हे कळायला मार्ग नव्हता. औषधवालीची फिकट, असं मला वाटतं. पण मला वाटतं म्हणजे काय? एखादी मादी आजारी असेल. उलटही असेल. पेंढ्याला काही असेल."

"पुन्हा करायचा होतात प्रयोग."

"उंदरांची खोली कॉलेजने सायकल स्टँडसाठी घेतली." मग त्यांनी आत स्वयंपाकघराकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "तिला यातलं काही माहीत नाही हं. मी तिला म्हटलं, छान केलंस. तुम्हीही बोलू नका."

मग तासभर सर दोन्ही बाजूंनी बोलत राहिले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण यकृत यकृतासारखंच. मात्रा उंदराला जास्त होती. पण दिवसही थोडे होते. सगळ्या गोळ्या एकसारख्या नसतात. पण सगळ्या तपासलेल्याही नसतात. मी एका वाक्याला सुटकेचा श्वास टाकायची, तोच पुढचं वाक्य यायचं. शेवटी मी जवळजवळ ओरडलेच, "सर, मी काय करू ते सांगा!"

मावशी चहा घेऊन आली. सरांनी कप हातात घेतला आणि म्हणाले, "घ्या गोळ्या. डॉक्टरांनी दिल्यात त्या सगळ्या घ्या. जंतू अंगात राहिले तर काय होतं ते माहीत आहे. माझ्या उंदरांचं मला माहीत नाही." कप खाली ठेवला आणि पुन्हा एकदा म्हणाले, "घ्या."

दोन वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं सरळ उत्तर. माझ्या चौकटीत बसणारं, होय म्हणजे होय. आणि नेमकं तेच मी ऐकलं नाही. म्हणजे कानांनी ऐकलं. पण मनात पेंढ्यातली ती फिकट पिवळट यकृतं जाऊन बसली होती. चार वर्षांनी राहिलेलं माझं बाळ, त्याच्या पोटात लालबुंद यकृत रक्त बनवत बसलंय, आणि मी वरून गोळी टाकणार! त्या संध्याकाळची गोळी मी हातात धरून बसले आणि परत पाकिटात ठेवली. जळजळ थांबलीच होती. सोमवारी पाकीट कचेरीत नेऊन ड्रॉवरमध्ये पंचिंग मशीनच्या मागे टाकलं. नवऱ्याला सांगितलं, कोर्स झाला. खोटं बोलताना जीभ अडखळलीसुद्धा नाही.

पंधरा दिवसांनी, रविवारी दुपारी, मला थंडी भरून आली. दोन चादरी घेतल्या तरी दात वाजत होते. पाठीत एका बाजूला कुणी आतून पिळतंय असं दुखत होतं. नवरा बोईसरला ड्युटीवर. मावशी दाण्याची चटणी द्यायला आली होती. तिने कपाळाला हात लावला आणि वाडीभर ऐकू जाईल असं ओरडली, "सर, धाव! पोरगी भाजतंय!" सर अनवाणी धावत नाक्यावर गेले आणि रिक्षा घेऊन आले. रिक्षात मावशीने मला कुशीत धरलं होतं, आणि सर पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे बाहेर लोंबकळत होते. माझ्या पोटात मध्येच घट्ट गोळा येत होता आणि सैल पडत होता. सातवा नुकता लागला होता. मला एवढंच कळत होतं की हेही जाणार.

गेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी कळा थांबवायची इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. सलाईनमधून जंतूंवरचंच औषध, आता नळीने, थेट रक्तात, आणि गोळ्यांपेक्षा कितीतरी जोरकस. म्हणजे ज्याला घाबरून मी ते सगळं केलं, तेच दामदुप्पट पोटात गेलं. नवरा बोईसरहून धावत आला तोवर ताप उतरत होता. डॉक्टरीणबाईंनी त्याच्यासमोरच विचारलं, "कोर्स पूर्ण केला होतास?"

मी नाही म्हटलं.

"का? कुणी सांगितलं सोडायला?"

वॉर्डात आठ-दहा खाटा, त्यांवरच्या बायका, त्यांच्या सासवा, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. नवरा बघत होता. मी तोंड उघडलं, आणि त्यातून काही यायच्या आधी दारातून आवाज आला, "माझ्यामुळे. मी सांगितलं."

सर होते. अजून अनवाणीच.

डॉक्टरीणबाई सरांना ओळखून होत्या. औषधाच्या दुकानातले किस्से त्यांच्याही कानावर गेलेले. त्या म्हणाल्या, "तुम्ही डॉक्टर कुणाचे, उंदरांचे की बायकांचे?" दोन-तीन सासवा हसल्या. नवरा उठला, सरांच्या समोर जाऊन उभा राहिला आणि जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. सर मान खाली घालून ऐकत होते. त्याचं संपल्यावर "बरोबर आहे" म्हणाले आणि निघून गेले. मी बोलले नाही. एक वाक्य पुरलं असतं: यांनी नाही, यांनी तर घ्या म्हणून सांगितलं होतं. ते वाक्य माझ्या तोंडात होतं, आणि मी ते गिळलं.

मुलगी नवव्या महिन्यात झाली. लहानखुरी, पण रडणं खणखणीत. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे नि अंग पिवळं झालं. तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नव्या बाळांना बहुतेकदा होतं, यकृत अजून कामाला लागलेलं नसतं, जाईल आपोआप. यकृत हा शब्द ऐकला आणि मी मोजायला लागले. त्या दोन दिवसांच्या गोळ्यांनी हे झालं? की सोडलेल्या गोळ्यांनी? तापाने? सलाईनने? की कशानेच नाही? पाच चौकटी, आणि खूण कुठे करायची ते सांगणारं कुणी नाही. दहा दिवसांत पिवळेपणा गेला. उत्तर अजून आलेलं नाही. मुलगी धडधाकट आहे, आणि कधी तिला साधं पित्त झालं तरी मी आधी तिच्या डोळ्यांतलं पांढरं बघते.

बाळंतपणाला मी माहेरी गेले ती नरपडला परतलेच नाही. नवऱ्याने सामान तलासरीला हलवलं. त्या घरात तो पुन्हा पाऊल टाकायला तयार नव्हता. मी मनाची समजूत घातली. मला वाटलं, सरांनी माझी चूक स्वतःवर घेतली. नवऱ्यासमोर माझी लाज जाऊ नये म्हणून. जसं त्यांनी मावशीला म्हटलं होतं, छान केलंस. माणूसच तसा. थोर माणूस. असं म्हटलं की मला फार बरं वाटायचं. थोर माणसाच्या थोरपणात आपण ढवळाढवळ कशाला करायची? या समजुतीवर मी सहा वर्षं काढली.

परवा मुलीच्या खोकल्याचं औषध घ्यायला डहाणूच्या त्या दुकानात गेले. बाक रिकामा होता. मी शेठना सहज विचारलं, सर येत नाहीत का आता?

"सर? ते तर तुमची केस झाली तेव्हापासून बंद," शेठ म्हणाले. "एक दिवस पण नाय आले. मागे माझ्या बेनला दिवस होते, डॉक्टरने गोळी दिली, ती घाबरत होती. मी म्हटलं, चाल, सरना विचारू, सर माणूस खरा. गेलो नरपडला. सरने हात जोडले. बोलले, मला विचारू नका, मी एका बाईचं पोर मारत होतो. आणि दार लावून घेतलं." शेठनी औषधाची बाटली माझ्यासमोर ठेवली. "बिचारा रडत होता, मॅडम."

तुमची केस. मी बाटली पिशवीत टाकली, मुलीचा हात धरला आणि बाहेर येऊन नरपडची रिक्षा केली. जाताना वाटेत ठरवत होते: आभार मानायचे. म्हणायचं, सर, तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते मी विसरलेले नाही.

सर ओट्यावर होते. फार वाळले होते. मला पाहून उठायला लागले आणि मध्येच अवघडून थांबले. मुलगी कोंबड्यांच्या मागे पळाली. ते तिच्याकडे बघत राहिले, ती झाडाआड जाईपर्यंत. मी ठरवलेलं सगळं विसरले आणि म्हटलं, "सर, तुम्ही त्या दिवशी हॉस्पिटलात खोटं का बोललात? तुम्ही तर मला गोळ्या घ्या म्हणून सांगितलं होतंत."

"नाही," ते म्हणाले. "मी उंदरांचं सांगितलं."

"उंदरांचं सांगितलंत, तासभर सांगितलंत. आणि शेवटी घ्या म्हणालात. चहाचा कप हातात घेऊन. दोनदा म्हणालात."

त्यांनी चष्मा काढला. "मी म्हणालो होतो?"

तेव्हा मला कळलं. थोरपणा वगैरे काही नव्हता. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. दाराशी उभं राहून "मी सांगितलं" म्हणाले तेव्हा त्यांना तेच खरं वाटत होतं, आणि सहा वर्षं तेच खरं मानून ते या ओट्यावर बसले होते.

आतून मावशी आली. तिने सगळं ऐकलं होतं. "मी काय सांगत होते तुना?" ती सरांना म्हणाली. "सहा वरीस सांगतंय. मी चाय घेऊन उभी होते. तू घे बोललास. माझ्या कानांनी ऐकला."

"ती सांगत होती," सर मला म्हणाले, "पण तिचं कसं धरायचं? ती माझ्या बाजूची. माझं दुःख बघवत नाही म्हणून ती काहीही सांगेल." मग म्हणाले, "तुम्हाला विचारायचं होतं. तीन वेळा तलासरीच्या बसमध्ये बसलो. एकदा तुमच्या कचेरीच्या फाटकापर्यंत आलो. तुम्ही खिडकीत दिसलात. पण तुम्ही 'नाही, म्हणाला नव्हतात' असं म्हणाला असतात तर?"

मी तिथेच पायरीवर बसले. नवऱ्याच्या भीतीने गिळलेलं माझं एक वाक्य, आणि हा माणूस ते ऐकण्यासाठी फाटकापर्यंत येऊन परत गेला होता. आणि मी आत बसून लोकांच्या अर्जांवर होय की नाही ते तपासत होते.

"तुम्ही म्हणाला होतात, सर," मी म्हटलं. "मीच ऐकलं नाही. आणि विचारलं तेव्हा बोलले नाही. चुकलं ते माझं."

"हे नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की."

त्यांनी चष्मा परत घातला आणि वाडीत मुलगी कुठे दिसते का ते बघायला उठले. दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, "पुन्हा एकदा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.